एक वर्षाची बंदी

१४ मार्च २००३, शुक्रवार

जुगार सोडवणाऱ्या हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, रोज थोडं लिहीत जा. मी मराठीत लिहायचं ठरवलं, आणि पहिल्याच ओळीला कळलं की हा मूर्खपणा आहे. ऑफिसात हे कोणाला वाचता येणार नाही, पण ज्या बायकोपासून लपवायचंय तिला मात्र सगळं वाचता येईल. असो. वही गाडीच्या ट्रंकमध्ये, स्पेअर टायरखाली राहील. आश्लेषा तिथे हात घालत नाही.

आज कॅसिनोबंदीच्या यादीत स्वतःचं नाव घालायला ट्रेंटनला जाऊन आलो. ऑफिसात दातांच्या डॉक्टरचं कारण सांगितलं. राज्याच्या त्या ऑफिसात मला वाटलं होतं तशी काही गर्दी नव्हती, मी एकटाच. काउंटरवरच्या बाईने लायसन्स पाहिलं, फोटो काढला. फोटो काढताना मी सवयीने हसलो. आता अटलांटिक सिटीच्या सगळ्या कॅसिनोंमध्ये माझा हसरा फोटो जाणार. आत पाऊल टाकलं तर बाहेर काढतील, आणि जिंकलेलं सगळं जप्त. म्हणजे गोष्ट मिटली.

बंदी किती वर्षांची हवी, असं तिने विचारलं. एक, पाच की आजन्म? मी एक लिहिलं. आजन्म हा शब्द मला जरा नाटकी वाटतो. एका वर्षात माणूस सुधारत नसेल तर पाच वर्षांत काय दिवे लावणार? बाईने माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुसलं.

गेल्या वर्षीचा बोनस आणि त्याच्या आधीचं जे काही गेलं, ते आश्लेषाला ठाऊक नाही. तिला वाटतं टेलिकॉम बुडतंय म्हणून कंपनीने बोनसच दिला नाही. कंपनी खरंच बुडतेय, त्यामुळे तिला ते पटलं. आता मी जात नाहीये, तर सांगण्यासारखं उरलंच काय? उगाच तिच्या डोक्याला ताप.

१७ मार्च, सोमवार

छातीत सकाळपासून धडधड. राज्य सरकारच्या यादीत नाव घातलं, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज अजून अडकलेला. हे तिकडे दिसलं तर? बाईने सांगितलं होतं की यादी गुप्त असते. पण गुप्त म्हणजे किती गुप्त? वकिलाला विचारायला फोन उचलला आणि ठेवून दिला. त्याने नाव विचारलं असतं.

१९ एप्रिल, शनिवार

आश्लेषाचे बाबा, दिगंबरराव, आले. सासूबाई गेल्यापासून सांगलीत एकटेच होते, म्हणून तिने हट्टाने बोलावून घेतलं. सहा महिने राहतील. वीज मंडळातून रिटायर झालेला हा सरळ, टापटिपीचा माणूस. बॅगेतून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि रेणूसाठी परकर-पोलकं निघालं. रेणू सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आजोबा, is it a costume?" बाबांनी मान डोलावली, त्यांना काही कळलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांचा आणि आश्लेषाचा पहिला वाद झाला. ते स्वतःच्या औषधांचे पैसे देऊ पाहत होते. "लेकीच्या घरचं किती खायचं, काही मर्यादा आहे की नाही?" आश्लेषा वैतागली. "बाबा, कुठल्या जमान्यात राहता तुम्ही?" त्यांनी पाकीट खिशात ठेवलं, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

६ मे, मंगळवार

आज बाबा अटलांटिक सिटीला गेले.

शेजारच्या शंतनूची आई, सुमित्रामावशी, सध्या इथे आहेत. त्या आणि त्यांचा आजी-आजोबांचा ग्रुप मंगळवारी एडिसनहून सकाळच्या बसने जातात. भाडं द्यायचं आणि तिथे उतरलं की कॅसिनोवाले जवळजवळ तेवढीच नाणी हातात ठेवतात. मावशी एक नाणंही जुगाराच्या मशीनमध्ये घालत नाहीत. समुद्राकाठी लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर बाकावर बसायचं, दशम्या खायच्या, स्वेटर विणायचा आणि परत. सगळ्यांचे आई-बाबा हे करतात. नायगरा, लिबर्टीचा पुतळा आणि अटलांटिक सिटी, ही आपल्याकडची तीर्थयात्राच झालीय.

आश्लेषा खूश होती. "बाबांना कंपनी मिळाली रे! नाहीतर दिवसभर खिडकीत बसतात, बघवत नाही." मी म्हणालो, "हो, छान."

मी काय म्हणणार होतो? जाऊ देऊ नकोस, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न का हा आला असता. आणि प्रत्येक माणूस माझ्यासारखा थोडाच असतो. बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत.

७ मे, बुधवार

सकाळी चहा घेताना त्यांची बोटं पाहिली. टोकं काळपट होती. नाणी हाताळली की तसं होतं, साबणाने लगेच जात नाही. म्हणजे नुसते बाकावर बसले नव्हते.

"काय बाबा, खेळलात की नाही?" मी सहज विचारलं.

ते लाजले. "मावशी म्हणाल्या, फुकटचंच आहे, बघा एकदा. थोडे आले हो वर! रेणूला खाऊ आणला त्यातून."

कुठल्या बाजूला बसला होतात, मशीन कसलं होतं, चित्रं कोणती होती, मी सगळं विचारलं. त्यांनी लहान मुलासारखं सांगितलं. आम्हा दोघांचं इतकं बोलणं आजवर कधी झालं नव्हतं. ऑफिसला उशीर झाला, पण दिवस बरा गेला. धडधड नव्हती.

२७ मे, मंगळवार

सकाळी बाबांच्या हातात वीसच्या दोन नोटा ठेवल्या. प्रवासात जवळ असाव्यात म्हणून. ते हात मागे घ्यायला लागले. मी म्हणालो, "लेकीचे नाहीत, जावयाचे आहेत. जावयाला नाही म्हणायचं नसतं." हे मला कसं सुचलं कुणास ठाऊक, पण बरोबर बसलं. त्यांनी नोटा कपाळाला लावून घेतल्या.

मी यात काही गैर केलेलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला खर्चायला देणं हा काही जुगार नाही. आश्लेषाला बोललो नाही, कारण पुन्हा लेकीचं घर वगैरे वाद नको.

दुपारी ऑफिसात टेस्टिंगचा रिपोर्ट करत होतो आणि सारखं घड्याळ बघत होतो. आता पोहोचले असतील. आता बसले असतील.

१० जून, मंगळवार

बाबा जिंकले!

बसमधून उतरतानाच चेहऱ्यावर दिसलं. घरी येताच मला बाजूला घेऊन माझ्या नोटा परत केल्या आणि वर आणखी. "हे तुमचं व्याज, प्रसन्नराव. आता माझ्या डोक्यावर काही नाही." मी हसून पुन्हा त्यांच्याच खिशात कोंबले. म्हणालो, पुढच्या वेळेला लागतील. ते गंभीर झाले. "म्हणजे पुन्हा तुमचंच झालं की हे."

कित्येक महिन्यांत इतकी मस्त संध्याकाळ गेली नव्हती. जेवण दोनदा वाढून घेतलं, रेणूला पाठीवर घेऊन घरभर फिरलो. आश्लेषा म्हणाली, "काय रे, प्रमोशन मिळालं का?" मी ट्रेंटनला सही केल्यापासून एकदाही त्या गावाकडे गाडी वळवलेली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. माझा मला अभिमान वाटतो.

२४ जून, मंगळवार

बाबा आता गुरुवारीही जातात. मागच्या दोन्ही वेळा हात हलवत आले. मला त्यांची दया आली. कुठेही बसतात आणि कुठलंही मशीन घेतात. मग आज सकाळी मीच कागदावर आकृती काढून सांगितलं, मोठ्या दारातून आत गेलात की डावीकडे वळा, रांगेच्या टोकाला जे मशीन असतं ते घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून तिथली मशीन जास्त देतात. एकाच मशीनवर टिकून बसायचं, उठायचं नाही.

"तुम्हाला एवढी माहिती कशी?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसमधले बोलतात हो." मी म्हणालो.

आज परत येऊन म्हणाले की टोकाच्या मशीनवर एक बाई बसली होती, म्हणून शेजारच्यावर बसलो. मी जवळजवळ ओरडलोच. "शेजारचं कशाला घेतलंत?" आश्लेषाने किचनमधून वळून पाहिलं. मी आवाज खाली आणला.

भांडी लावताना ती म्हणाली, "बाबा इतके का जातात रे? मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते आमच्यात बसतच नाहीत." मी म्हणालो, "जाऊ दे गं, वेळ जातो त्यांचा." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दमली असेल, लॅबमध्ये तिचं ऑडिट चाललंय.

८ जुलै, मंगळवार

बाबा हल्ली विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारलं तर "ठीक" एवढंच. जेवण कमी झालंय. मी पैसे पुढे केले तर घेतात, पण कपाळाला लावत नाहीत.

आज त्यांच्या मनगटावर घड्याळ दिसलं नाही. रिटायर होताना मंडळाने दिलेलं, ते झोपतानाही काढत नसत. आश्लेषाने विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीला दिलंय. इथे कोण घड्याळ दुरुस्तीला देतं? कॅसिनोंच्या मागच्या रस्त्यावर, सोनं-घड्याळं गहाण घेणाऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. त्या दुकानांची दारं मला माहीत आहेत.

 सांगायला हवं होतं. त्यांना नाही तर तिला तरी. दोनदा किचनपर्यंत गेलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती. मी फ्रिज उघडला, पाणी प्यायलो आणि परत आलो.

मग वाटलं, आज ना उद्या त्यांचं मशीन देईलच. एकदा दिलं की घड्याळ सोडवता येईल, ते आपोआप थांबतील आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

१६ जुलै, बुधवार

काल जे झालं ते लिहितो. 

संध्याकाळी सुमित्रामावशींचा फोन आला. बस सुटायची वेळ झाली, दिगंबरराव आलेच नाहीत. ड्रायव्हर थांबेना. मावशी रडवेल्या झाल्या होत्या. "मी त्यांना आत जाताना पाहिलं रे बाळा, बाहेर येताना नाही पाहिलं."

रेणूला शंतनूकडे सोडलं आणि आम्ही निघालो. आश्लेषाने वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. "त्यांची बीपीची गोळी राहिली असेल." मी हायवेवर गाडी किती वेगाने चालवत होतो, कोण जाणे. मला बाबांची काळजी वाटत होती. पण खरं लिहायचं तर त्याहून जास्त मला त्या दाराची भीती वाटत होती.

मोठ्या दारासमोर गाडी थांबली. आश्लेषा म्हणाली, "तू पटकन आत जा, मी कार पार्क करून येते."

मी बसून राहिलो.

"प्रसन्न! जा ना!"

"मला आत जाता येत नाही."

"म्हणजे?"

"माझ्यावर बंदी आहे. मीच घालून घेतलीय. सरकारच्या यादीत नाव आहे माझं. बोनस आला होता गं. इथेच गेला."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. आश्लेषाने माझ्याकडे पाहिलं नाही. सीट बेल्ट काढला, पर्स घेतली, दार उघडलं आणि चालत आत गेली. दार लावायचं राहिलं. मी ते आतून ओढून घेतलं.

ती किती वेळ आत होती ते सांगता येत नाही. काचेच्या दारातून थंड हवा आणि तो आवाज बाहेर येत होता, नाण्यांचा. मी कान झाकून घेतले नाहीत. ऐकत होतो. बाबा सापडणार नाहीत अशी भीती वाटत होती आणि त्याच वेळी, एखादं मशीन कुठे देतंय का, हेही ऐकत होतो. हे लिहायला नको होतं. लिहिलं.

मग ती बाबांना दंडाला धरून घेऊन आली. धडधाकट होते. हातात नाण्यांचा प्लॅस्टिकचा डबा होता, रिकामा. गाडीत बसल्याबरोबर ते पुढे वाकून मला म्हणाले, "प्रसन्नराव, बस चुकली हो. तुमचे तेवढे परत मिळवल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं होतं. लेकीच्या घरचं अंगावर घेऊन सांगलीला कसा जाऊ?"

आश्लेषाने विचारलं, "तुमचे म्हणजे? ह्याने पैसे दिले तुम्हाला?"

"दर वेळेला देतात. मशीनही त्यांनीच दाखवलं."



१८ जुलै, शुक्रवार

आश्लेषा रेणूच्या खोलीत झोपते. तिने सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, निदान तिने विचारलं तेवढं. ती रडली नाही. एकदाच म्हणाली, "माझे बाबा होते रे ते. तू माझ्या बाबांना पाठवलंस तुझ्याऐवजी." मी म्हणालो की असं काही माझ्या मनातही नव्हतं. ती म्हणाली, "तेच तर."

तेच तर म्हणजे काय, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

ऑफिसातून आलो तेव्हा बाबा मागच्या अंगणात खुर्चीवर होते. मला पाहून उठले आणि हात जोडले. "माफ करा मला. तुमच्या घरात राहून तुमचाच पैसा उधळला. या वयात ही अवदसा आठवली." सासरा जावयापुढे हात जोडून उभा! मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. मी त्यांचे हात धरून खाली केले आणि सांगून टाकलं. बोनसचं, ट्रेंटनचं, फोटोचं.

त्यांनी शांतपणे ऐकलं.  मग विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, तर मला टोकाचं मशीन कशाला सांगितलंत?"

"तुमचं मन रमावं म्हणून."

"माझं?" ते म्हणाले. रागाने नाही, नुसतंच.

 रेणू दारातून हाक मारत होती, "Dinner's ready!" आम्ही आत गेलो.

२० जुलै, रविवार

सकाळी बाबा म्हणाले, "ते यादीत नाव घालतात म्हणालात, त्यात माझंही घाला."

मी म्हणालो, तुम्ही तर ऑक्टोबरमध्ये परत जाणार, तुम्हाला काय गरज? ते म्हणाले, "मला पुन्हा यायचंय. लेक आहे, नात आहे. आलो की बस आहेच ना दारात. अजूनही मंगळवार आला की पाय शिवशिवतात. तुम्हाला नाही होत तसं?"

"नाही," मी म्हणालो.

आश्लेषा चहा गाळत होती. "दोघं एकत्रच जा," ती म्हणाली. "आणि तू तुझं ते एक वर्ष बदलून ये. आजन्म करून ये. मग आपण पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. मला माहीत आहे. काल ती तिच्या बहिणीशी पुण्याला बोलत होती, रेणूच्या शाळेबद्दल.

२५ जुलै, शुक्रवार

आज बाबांना ट्रेंटनला नेलं. तीच बाई होती. मी दुभाष्या. तिने सांगितलं, त्यांना विचारा, हे स्वतःच्या इच्छेने करतायत ना? मी मराठीत सांगायच्या आधीच बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "Own wish, madam. Full life." वीज मंडळातल्या साहेबापुढे उभे असावेत तसे. तिने फोटो काढला, बाबा हसले नाहीत. आजन्मच्या पुढे त्यांनी सही केली, खाली रेघ ओढली.

मग बाईने माझ्याकडे पाहिलं. तिने ओळखलं की नाही, कळलं नाही. "Anything else, sir?"

मार्चमध्ये वर्ष संपेल. पुन्हा लिहून दिलं की नाव निघतं. मी जाणार आहे असं नाही. मुळीच नाही. पण दार असणं आणि नसणं यात फरक असतो, आणि ते कायमचं नसेल या विचाराने मला घाम फुटला.

"No, thank you," मी म्हणालो.

बाबा गाडीत काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना इंग्रजी कळलं नसेल.

घरी पोहोचलो. आश्लेषा लॅबमधून लवकर येऊन दारातच उभी होती. "झालं का दोघांचं?"

"हो," मी म्हणालो.

बाबा भिंतीला टेकून बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही गं. माझं एकट्याचं झालं."

मी खाली वाकून माझी लेस सोडवायला लागलो होतो.

"बूट काढू नकोस," आश्लेषा म्हणाली. हुकावरची किल्ली तिने आधीच हातात घेतली होती. "ऑफिस पाचला बंद होतं. मी फोन करून विचारलंय."

हे मी गाडीत लिहितोय. ट्रंकमधून वही काढताना तिने पाहिलं, काही विचारलं नाही. ती ड्राइव्ह करतेय, अक्षर हलतंय. ट्रेंटनचा बोर्ड आत्ता मागे गेला. मी तिला खरं तेच सांगितलं, की तिथे गेल्यावर मी काय लिहीन, हे मला अजूनही माहीत नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून या वेळी मी आत येणारे."